माझ्याच भिंतींचे बुडबुडे

मी घशातली एक पेशी बोलतेय. नीट सांगायचं तर घशाच्याही थोडं खाली, आवाज जिथे तयार होतो त्याच्या पायथ्याशी, श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरात माझी जागा आहे. अजून तरी आहे. किती वेळ राहील ते माहीत नाही, म्हणून माझी हकीकत जरा भरभर सांगते. मध्येच थांबले तर समजून घ्या.

मला डोळे नाहीत. पण ज्या मुलीच्या घशात मी राहते, तिचा प्रत्येक शब्द माझ्या माथ्यावरून जातो आणि बाकीच्यांचं बोलणं हाडांतून घुमत माझ्यापर्यंत येतं. आत येणारी हवा गरम असली की ती भट्टीपाशी आहे, गार असली की मागच्या खोलीत. एवढ्यावर मला घरातलं बरंच कळतं.

माझा जन्म साधाच. माझ्या आईचे दोन भाग झाले, त्यातला एक मी आणि दुसरा माझी बहीण. आमच्यात आई मागे उरत नाही, ती लेकींमध्ये वाटली जाते. बहीण माझ्या डाव्या अंगाला चिकटून वाढली. आमच्या माथ्यावर बारीक केसांचं दाट रान असतं. आम्ही सगळ्या जणी ते केस एका तालात हलवतो आणि अंगावरचा चिकट थर वर वर ढकलत राहतो. त्यात धूळ अडकते, काजळी अडकते, काचेची पूड अडकते. ती बाहेर घालवायची हेच आमचं काम. लोक त्या थराला शेंबूड म्हणतात आणि नाक मुरडतात. जे नाक मुरडतात, त्यालाही तोच सांभाळतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

काचेची पूड म्हणाले, कारण या घरात काच फुंकतात. मोठ्या दालनांत आणि जिन्यांवर टांगतात ते दिव्यांचे गोल. मुलीला सगळे ठिणगी म्हणतात. ती आणि तिचे बाबा भट्टीवर, आणि बाबांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, तयार गोल हळूहळू निववायच्या पेटीवर. ठिणगीची आई नाही. ती होती तेव्हा मी जन्मले नव्हते.

गोल करायची रीत अशी. लांब लोखंडी नळीच्या टोकावर भट्टीतला काचेचा रस घ्यायचा. तो ओघळू नये म्हणून नळी सतत फिरवत राहायची आणि दुसऱ्या टोकाने फुंकायचं. पहिली फुंकर सगळ्यात जड. गोळा हट्टी असतो, फुगायलाच तयार नसतो. बाबांच्या छातीत आता तेवढा जोर नव्हता, म्हणून पहिली फुंकर ठिणगीची. काचेला पोट आलं की नळी फिरती ठेवूनच बाबांच्या हातात आणि त्यांच्या ओठांत जायची. शेवटी काच सगळीकडून सारखी पातळ करायला जोर लागत नाही, सबुरी लागते. ती बाबांकडे पोतंभर होती.

या दोन तोंडांच्या मध्ये नळी पुसायची नाही. पुसत बसलं तर तेवढ्यात काच लोंबते, हे एक कारण. दुसरं कारण आजोबांपासून चालत आलेलं. ‘नळी पुसली म्हणजे नातं पुसलं,’ असं या घरात म्हणतात. रागावलेला माणूस नळी पुसून घेतो आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी कुणाशी बोलत नाही. एकदा आत्याने पुसली होती, तेव्हा तर बाबा जेवले नव्हते म्हणे.

डॉक्टरीणबाईंनी बाबांच्या छातीचा फोटो पाहिला, तेव्हा ठिणगी शेजारीच होती.

“फुफ्फुसाचा बराच भाग कडक झालाय,” बाई म्हणाल्या. “उरलेल्यावर तुमचं चाललंय. नुसती सर्दी झालेलं माणूसही चार हात लांब ठेवा. यांच्या छातीत संसर्ग उतरला तर मी काही करू शकेन असं मला वाटत नाही.”

“मी गेलो तर गोल कोण फुगवणार, बाई?” बाबा म्हणाले. “माझी बहीण नुसते गाल फुगवते.”

“मी गाल फुगवते म्हणून हे घर चाललंय,” आत्या म्हणाली.

सगळे हसले. ठिणगीही हसली, पण तिचा श्वास माझ्यावरून अर्धाच गेला आणि तिथेच अडकला. त्या दिवसापासून रस्त्यावर कुणी शिंकलं तरी ती बाबांचा हात धरून पलीकडे जायची. तिला एकाच गोष्टीची भीती होती. बाबांची छाती.

मग एक गिऱ्हाईक आलं. जाडजूड, हौशी माणूस असावा. आवाज मोठा होता.

“मला एकदा फुंकून बघू द्या की,” तो म्हणाला. बाबा निववायच्या पेटीकडे गेले होते. ठिणगीने आपली नळी त्याला दिली.

त्याने फुंकली. काही झालं नाही. पुन्हा फुंकली.

“साहेब, बेताने,” आत्या ओरडली. “डोळे बाहेर आले तर आमच्याकडे काचेचे मिळत नाहीत.”

तो हसता हसता खोकला. “घसा जरा बसलाय हो दोन दिवस. नाहीतर फुगवून दाखवला असता.”

आणि त्याने नळी परत दिली. टोकावरचा गोळा लोंबायला लागला होता. पाहुण्यासमोर नळी पुसणं म्हणजे त्याला उंबऱ्याबाहेर काढणं. ठिणगीने ती तशीच ओठांत धरली, दम घेतला आणि फुंकली. तो दम घेताना जे आत आलं, त्यातलं एक माझ्यापाशी येऊन थांबलं.

खोटं कशाला बोलू, तो विषाणू आला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. माझ्या अंगावर बारीक मुठी आहेत, दाराला असतात तशा. शरीराच्या कामासाठी आलेल्यांनी त्या धरायच्या असतात. त्याने त्यातलीच एक धरली. त्याचं आवरण माझ्या पटलात विरघळलं आणि आत एक लांब दोरा सुटला. तो विषाणू म्हणजे तेवढाच. आरएनएचा एक दोरा आणि वर पातळ वेष्टण. त्याला तोंड नाही, पोट नाही, घर नाही. कुणी दार उघडलं तरच त्याचं काही चालतं.

माझ्या आत रायबोसोम आहेत. साधेभोळे कारागीर. समोर आलेला दोरा वाचायचा आणि त्यात सांगितलेली प्रथिनं विणायची, हे त्यांना ठाऊक. दोरा कुणाचा, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आजवर सगळे दोरे घरचेच होते. त्यांनी हाही वाचला आणि मन लावून विणायला बसले.

ती नवी प्रथिनं माझ्या आंतर्द्रव्यजालिकेत शिरली. नाव अवघड आहे, पण वस्तू साधी. पडद्यांचं एक मोठं जाळं, घडीवर घडी घातलेलं, माझ्या घरभर पसरलेलं. तिथे माल तयार होतो, तिथूनच पुढे जातो. त्या प्रथिनांनी पडदा चिमटीत धरला, वाकवला, दुमडला आणि फुगवला. बघता बघता एक बुडबुडा झाला. दुहेरी भिंतीचा, गोल. मग त्याच्या शेजारी दुसरा. बाहेर बापलेक आपल्या श्वासाने काच फुगवत होते आणि आत माझीच भिंत घेऊन तो हे करत होता. काम इतकं सफाईदार होतं की माझं नसतं तर मी कौतुक केलं असतं.

बुडबुडे कशाला, ते मला नंतर कळलं. माझ्याकडे पहारेकरी आहेत. त्या दोऱ्याची नक्कल करताना तो काही वेळ दुपदरी होतो आणि दुपदरी आरएनए दिसला की माझे पहारेकरी बोंब ठोकतात. म्हणून नकला काढायचं काम त्या बुडबुड्यांच्या पोटात. पहारेकरी भिंतीला खेटून जात होते, येत होते, आणि आत एकाचे शंभर चालले होते. बुडबुड्याला एक बारीक भोक ठेवलेलं, मुकुटासारख्या कडेचं. तयार दोरे तेवढ्यातून बाहेर.

भिंती पुरेनात तेव्हा मी अडीअडचणीला साठवलेले चरबीचे थेंब त्याने वितळवले आणि त्यांचे पडदे केले. मला उभं धरणारे तंतू ओढून नेऊन बुडबुड्यांभोवती आवळले. केंद्रकातून, म्हणजे माझ्या माजघरातून, निघणारे माझे निरोप दारातच अडवले आणि जे निसटले त्यांचे तुकडे करून टाकले. शेजारणींना सावध करायचा निरोप मी तयार केला होता. तो माजघरातच राहिला. डाव्या अंगाला बहीण नेहमीसारखे केस हलवत होती. तिला मी एवढंही सांगू शकले नाही की मुठी आत ओढून घे.

त्याने माझं घर पाडलं असतं तर निदान ते पडल्याचं कुणाला कळलं असतं. पण त्याला मी जिवंत हवी होते. भिंती माझ्या, कारागीर माझे, ताकद माझी, माल त्याचा. बाहेरून मी तशीच दिसत असणार. आत मी पेशी राहिले नव्हते, मी त्याचा कारखाना होते.

आणि ठिणगीला काही होत नव्हतं! हे सगळ्यात वाईट. घसा दुखत नव्हता, अंग तापलं नव्हतं. माझी बोंबच दाबलेली, मग तिला कळणार कुठून? ती गाणं गुणगुणत कामाला आली. माझ्या तयार मालाची पहिली खेप बाहेर पडली तेव्हा ती भट्टीपाशी होती. तिने छाती भरून घेतली आणि पहिली फुंकर मारली. माझ्यावरून वारं गेलं आणि त्या वाऱ्यावर ते गेले. तिच्या जिभेवर, ओठांवर, नळीच्या तोंडावर.

“घ्या बाबा,” ती म्हणाली.

मी त्या क्षणी काय काय केलं असतं. तिला खोकला आणला असता, ठसका आणला असता, काच फोडली असती. पण माझे केस तेव्हाच गळायला लागले होते. माझं असं काही माझ्या ताब्यात उरलं नव्हतं.

“आण,” बाबा म्हणाले. मग त्यांचा आवाज बंद झाला, कारण तोंडात नळी होती.

त्या दिवशी त्यांनी पुष्कळ गोल केले. सगळे चांगले झाले.

घसा दुखायला लागला तो दुसऱ्या दिवशी. तोवर बहीणही गेली होती आणि पलीकडच्याही कित्येक जणी. ठिणगीने आवंढा गिळला आणि थबकली.

“आत्या, कपाळ बघ गं माझं.”

आत्या निववायच्या पेटीपासून उठून आली. “गरम आहे. पण भट्टीसमोर उभं राहून कपाळ बघायचं म्हणजे काय? इथे बादलीलासुद्धा ताप आहे. माझं बघ.”

ठिणगीने बघितलं. “तुझंही गरम.”

“आणि दादाचं तर कायमच. आपण भट्टीची माणसं. आपल्याला ताप आला तरी लाजून परत जाईल.”

“घसा खवखवतोय.”

“या घरात घसा कधी खवखवत नाही ते सांग. पाणी पी.”

ती पाणी प्यायली आणि पुन्हा नळी घेतली. आत्याला मी दोष देत नाही. जिथे सगळ्यांचीच अंगं तापलेली, तिथे खरा ताप गर्दीत मिसळून जातो. दुसऱ्या कुठल्याही घरात त्या हाताला फरक कळला असता.

फरक कळला तो बाबांना, आणि काचेवरून.

ठिणगीने फुंकलेला गोळा त्यांनी हातात घेतला आणि फिरवता फिरवता थांबले. “हे काय? एका बाजूला जाड, मध्ये लाटा. ठिणगे, हा श्वास तुझा नाही. बरं नाही का तुला?”

“आहे बरं.”

“काच खोटं बोलत नाही. तू बोलतेस.” आणि बोलता बोलता त्यांनी नळी ओठांकडे नेली. ही सवय. गोळा लोंबत होता ना.

ठिणगी धावत मागच्या खोलीत गेली, जिथे गोल गवतात गुंडाळून ठेवतात. तिथली हवा गार. माझ्यावरून थंडगार श्वास आत गेला आणि बाहेर आला तो भट्टीसारखा. तिने स्वतःच्या कपाळाला हात लावला असावा, कारण तिच्या तोंडून फक्त “आई गं” एवढंच निघालं. मग ती परत धावली.

“बाबा, ती नळी ठेवा! तोंड लावू नका!”

“अगं, काच...”

“मरू दे काच! पुसा ती, नाहीतर टाका!”

काहीतरी खळकन फुटलं. कुणी टाकलं की तिने ओढलं, ते मला कळलं नाही.

“पुसा म्हणालीस,” बाबा हळू म्हणाले. “मला म्हणालीस?”

“मला ताप आहे, बाबा. भट्टीचा नाही, खरा. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते आठवतंय ना?”

ठिणगी मागच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. “मी बरी होईपर्यंत इकडे कुणी यायचं नाही. ताट बाहेर ठेवत जा,” ती दारातून म्हणाली. बरोबरच केलं तिने. कुणीही समंजस मुलीने हेच केलं असतं. फक्त ते कालच्या आधी व्हायला हवं होतं, आणि काल तिला सांगणारी मी होते, आणि माझं तोंड बांधलेलं होतं.

तेव्हापासून ती आत आणि बाबा दाराबाहेर स्टुलावर. आत्या रागावून त्यांना उठवते, ते पुन्हा येऊन बसतात. दारातून गप्पा मारतात.

“आत्याने आज पहिली फुंकर मारली,” ते सांगतात. “गोळा घाबरून अजून लहान झाला.”

ठिणगी हसते. हसली की खोकते. तिचा आवाज रोज खाली जातोय. माझ्या वरच्या, आवाज काढणाऱ्या स्वरतंतूंच्या घड्या सुजल्या आहेत, त्यातून आता आवाजाऐवजी नुसती हवा जाते. पण ती खुशीत आहे. दाराशी तोंड नेऊन पुटपुटते, “लांब आहेत ते. वाचले. वाचले.” देवाचं नाव घ्यावं तसं.

आणि मी दाराबाहेरून येणारा बाबांचा आवाज ऐकते. दोन शब्दांमधली जागा वाढली आहे. काल ते एका दमात बोलत होते, आज ‘आत्याने’ म्हटल्यावर श्वास घेतात. त्यांच्या घशात, अगदी याच जागी, माझ्यासारखीच कुणीतरी असणार. तिच्या घरात आता बुडबुडे फुगत असतील. तिला मी ओळखत नाही. तिच्याकडे गेलेला माल मात्र माझ्याकडचा आहे.

माझ्यासारख्या बहुतेक जणी एवढं टिकत नाहीत. मी कशीबशी धरून आहे. अंग आक्रसलंय, माथा बोडका झालाय, शेजारच्या जागा रिकाम्या. म्हणून विनंती आत्ताच करते. घरात कुणाची छाती अशी नाजूक असेल, तर त्या माणसाशी थोडं परकं वागा. रुसतील, एक वेळ जेवणार नाहीत. रुसलेल्या माणसाची समजूत काढता येते. आणि आपल्याला काहीच होत नाहीये यावर फार विसंबू नका. ज्या दिवशी ठिणगी गाणं गुणगुणत होती, त्या दिवशी मी सगळ्यात जास्त भरलेली होते.

आत्ता दुपार आहे. आत्या डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली आहे, ठिणगीसाठी. बाबा स्टुलावर आहेत.

“ठिणगे,” ते म्हणतात. थांबतात. “रागावलीस का... माझ्यावर?”

ती उत्तर द्यायला तोंड उघडते. हवा जाते, आवाज जात नाही. ती पुन्हा प्रयत्न करते. नुसती फुस्स.

“बोलत नाहीस,” बाबा म्हणतात. “नळीवरून... मी तसं...” पुढचं खोकल्यात जातं. हा खोकला मी ओळखते. तीही ओळखते, कारण तिचं सगळं अंग ताठ होतं.

ती दारावर ठोकते, बोटांच्या पेरांनी, टकटक. मी आहे, ऐकतेय, असं. बाहेरून एकदा टक येतं. मग खोकला. मग स्टूल घसरल्याचा आवाज आणि काहीतरी जड खाली बसल्याचा.

ती पुन्हा ठोकते. जोरात. बाहेरून काही नाही.

कडी हाताला लागत नाहीये तिच्या. लागली. दार उघडल्याबरोबर गरम हवा आत आली. भट्टीची. ती खाली वाकली आहे, त्यांच्या छातीशी कान नेला असावा, कारण तिने स्वतःचा श्वास पूर्ण थांबवला आहे. मग ती ताडकन उठते, रस्त्याकडच्या दाराकडे धावते. आत्या कोपऱ्यावर असेल, कुणीतरी असेल, पण हाक मारायला हवी.

ती छाती भरून श्वास घेते. पहिल्या फुंकरीला घेते तसा. मला आता धरवत नाही. हा बाहेर पडेल तेव्हा मला घेऊनच पडेल.

त्यावर आवाज असू दे.